नेफ्रोलॉजी फेलोशिप: मोठं ट्रान्सप्लान्ट केंद्र की मध्यम आकाराचं विद्यापीठ रुग्णालय?

मेडिसिन संपवून नेफ्रोलॉजीकडे, म्हणजे किडनीच्या आजारांच्या शाखेकडे, वळणाऱ्यांच्या यादीत शेवटी बहुधा दोनच प्रकारच्या जागा उरतात. एक, अवाढव्य विद्यापीठ रुग्णालय: ट्रान्सप्लान्टची स्वतंत्र टीम, अनेक आयसीयू, दरवर्षी फेलोंची (या शाखेचं प्रशिक्षण घेणाऱ्या डॉक्टरांची) मोठी तुकडी. दुसरं, तेही विद्यापीठाचंच, पण मध्यम आकाराचं: दोन-तीन फेलो, एकच डायलिसिस युनिट, आणि सकाळी वॉर्डात दिसणारे कन्सल्टंट दुपारी ओपीडीतही तेच. मी दुसऱ्या प्रकारचं निवडलं. पुढचा मजकूर तेवढं लक्षात ठेवूनच वाचावा.

मोठ्या केंद्राचं पारडं कुठे जड आहे, ते आधी सांगतो. ट्रान्सप्लान्ट. क्रिएटिनिन (किडनीचं काम दाखवणारी रक्ततपासणी) चढलेला नव्या किडनीचा पेशंट समोर असताना हे रिजेक्शन (शरीराने नवी किडनी नाकारणं) की बीके विषाणूचा नेफ्रायटिस (किडनीचा दाह), हा प्रश्न पुस्तकात सोपा वाटतो. एकात इम्युनोसप्रेशन (प्रतिकारशक्ती दाबणं) वाढवायचं, दुसऱ्यात कमी करायचं, आणि बायोप्सीच्या साध्या रंगात दोन्ही बरेचसे सारखे दिसतात. विषाणू दाखवणारा एसव्ही४० चा रंग मागवावा लागतो. टॅक्रोलिमस (रिजेक्शन रोखणारं औषध) चालू असताना कोणी व्होरिकोनॅझोल (बुरशीवरचं औषध) सुरू केलं तर टॅक्रोलिमसचा डोस त्याच दिवशी उतरवायचा, पातळी चढायची वाट पाहायची नाही, हेही अशा पेशंटांच्या गर्दीतच अंगवळणी पडतं. ट्रान्सप्लान्टमध्येच जायचं असं मनाशी पक्कं असेल, किंवा प्रयोगशाळेतलं संशोधन करायचं असेल, तर इथेच थांबा आणि मोठं केंद्र घ्या.

पॅथॉलॉजीचंही तसंच. मोठ्या ठिकाणी स्लाइड त्याच इमारतीत वाचली जाते आणि फेलो पॅथॉलॉजिस्टच्या शेजारी बसून बघतो. मध्यम ठिकाणी अनेकदा ऊतक बाहेर पाठवावं लागतं. पण त्यामुळे तुकडे कसे वाटायचे, हे फेलोला स्वतःला शिकावं लागतं: लाइट मायक्रोस्कोपीसाठी फॉर्मॅलिन, इम्युनोफ्लुरोसन्ससाठी (ऊतकातली प्रतिपिंडं चमकवून पाहण्यासाठी) मिशेल माध्यम, इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपीसाठी ग्लुटारॲल्डिहाइड. घाईत सगळंच फॉर्मॅलिनमध्ये गेलं, तर पॅराफिनवर प्रोनेज हे एन्झाइम वापरून इम्युनोफ्लुरोसन्स करता येतो, पण सी३ हे प्रथिन नीट पकडलं जात नाही. बायोप्सीची सुई कोणाच्या हातात असते, हा जुना वाद आहे. मोठ्या ठिकाणी ती बऱ्याचदा रेडिओलॉजीकडे असते, लहान ठिकाणी फेलोकडे. एवढ्यावरून निर्णय घ्यावा असं मला वाटत नाही.

माझा निर्णय झाला तो वरवर किरकोळ दिसणाऱ्या गोष्टीवर: डायलिसिसची तयार ऑर्डर.

मोठ्या केंद्रांत संगणकावर ऑर्डर उघडली की रकाने बहुतेक आधीच भरलेले असतात. डायलिसिसच्या द्रावातलं पोटॅशियम २, कॅल्शियम २.५, सोडियम १४०, बायकार्बोनेट ३५ (सगळं मिलीइक्विव्हॅलंट प्रति लिटर), वेळ ४ तास, ब्लड फ्लो मिनिटाला ४०० मिली. फेलो वजन आणि किती पाणी काढायचं ते भरतो, सही करतो, पुढच्या कन्सल्टकडे धावतो. आठवड्यातून तीनदा येणाऱ्या जुन्या पेशंटसाठी यात काही वावगं नाही. रात्री अडीचला थकलेल्या माणसाकडून रकाना रिकामा राहू नये, म्हणूनच ही सोय आली, आणि तो हेतू योग्यच आहे. अडचण अशी की नेफ्रोलॉजिस्टची गरज ज्या पेशंटला सर्वांत जास्त असते, नेमक्या त्याच पेशंटला ही ऑर्डर लागू पडत नाही.

रक्तातला युरिया ३०० मिलिग्रॅम (प्रति डेसिलिटर) झालेला, पहिल्यांदाच डायलिसिसला लागणारा पेशंट घ्या. त्याला ४ तास आणि ४०० चा फ्लो दिला, तर रक्तातला युरिया मेंदूतल्या युरियापेक्षा वेगाने उतरतो, पाणी मेंदूत शिरतं. डोकेदुखी, उलटी, कधी झटके. पहिलं सेशन २ तासांचं, फ्लो २०० च्या आसपास, डायलायझर (रक्त गाळणारा फिल्टर) लहान. युरिया साधारण तिसऱ्या हिश्शाने उतरला तरी पुरे. उरलेलं उद्या आणि परवा.

रक्तातलं सोडियम ११० असलेल्याचं याहून अवघड. २४ तासांत ८ पेक्षा जास्त चढू द्यायचं नाही, आणि समोर १४० चं डायलायझेट (डायलिसिसचा द्राव). साधी मशीन सहसा १३० च्या खाली जात नाही, म्हणून सीआरआरटी (आयसीयूतलं सलग, मंद चालणारं डायलिसिस) लावून द्रावाची पिशवीच पातळ करावी लागते. ५ लिटरच्या १४० च्या पिशवीत २५० मिली निर्जंतुक पाणी घातलं की सोडियम १३३ होतं, ५०० मिली घातलं की १२७. पण त्या ५०० मिलीमुळे पोटॅशियम आणि बायकार्बोनेटही ९ टक्क्यांनी पातळ होतात, हे विसरलं जातं. शिवाय दर २-३ तासांनी सोडियम तपासायचं, आणि चढ जास्त वाटला तर सीआरआरटीचा डोस उतरवायचा.

उलट्यांनी बायकार्बोनेट ४५ वर गेलेला, डिगॉक्सिन या हृदयाच्या औषधावर असलेला पेशंट आला तर तयार ऑर्डरमधले दोन रकाने एकदम चुकीचे ठरतात. ३५ चं बायकार्बोनेट उतरवायचं, आणि पोटॅशियम झपाट्याने खाली आणायचं नाही, नाहीतर हृदयाची लय बिघडते. संगणक यातलं काहीच विचारत नाही. कोऱ्या फॉर्मवर मात्र प्रत्येक आकडा स्वतः लिहावा लागतो, आणि लिहिताना ‘१४० का?’ हा प्रश्न टाळता येत नाही. अनुभवी डायलिसिस सिस्टर तर तो तोंडावरच विचारते, आणि ती विचारते तेव्हा उत्तर तयार असलेलं बरं.

मशीनजवळ उभं राहण्याचंही तेच. मोठ्या आयसीयूत सीआरआरटी पूर्णपणे नर्सिंगच्या हातात असते. फिल्टर गोठला की नवा लागतो, फेलोला कळतं सकाळी. तो का गोठला हे पाहायचं तर गणित हाताने करावं लागतं. ब्लड फ्लो १५०, हिमॅटोक्रिट (रक्तातला तांबड्या पेशींचा हिस्सा) ३० टक्के. म्हणजे तासाला ६३०० मिली प्लाझ्मा. फिल्टरनंतर २००० मिली रिप्लेसमेंट द्राव आणि १०० मिली निव्वळ काढणं धरलं तर फिल्ट्रेशन फ्रॅक्शन (प्लाझ्मातला गाळून काढलेला हिस्सा) ३३ टक्के. ते २०-२५ च्या वर गेलं की रक्त फिल्टरच्या टोकाशी घट्ट होतं. फ्लो २५० केला की तेच २० टक्क्यांवर येतं. हेपरिन (रक्त गोठू न देणारं औषध) वाढवण्याआधी एवढं बघावं. आणि मांडीत कॅथेटर असेल तर त्याची लांबी: १५ सेंटिमीटरचं टाकलं असेल तर टोक ओटीपोटातल्या इलियॅक शिरेतच राहतं, शुद्ध झालेलं रक्त परत ओढलं जातं. तिथे २४-२५ सेंटिमीटरचंच हवं.

मध्यम रुग्णालयाचा तोटाही लहान नाही. फेलो तीन असले तर तिसरी रात्र तुमचीच. एक जण आजारी पडला की एकाआड एक. सुट्टी मागताना संकोच वाटतो. दुर्मीळ ग्लोमेरुलोनेफ्रायटिस (किडनीतल्या गाळण्यांचा दाह) वर्षातून मोजके दिसतात, आणि ट्रान्सप्लान्टसाठी काही महिने दुसरीकडे जाऊन राहावं लागतं. मला हा सौदा परवडणारा वाटला. घरची जबाबदारी असलेल्याला वाटेलच असं नाही.

शिवाय आकार हा फक्त अंदाज आहे. काही मोठ्या केंद्रांत फॉर्म कोरा असतो, काही लहान ठिकाणी तयार ऑर्डर आलेली असते. म्हणून मुलाखतीला गेलात की ट्रान्सप्लान्टचे आकडे विचारून झाल्यावर डायलिसिसची नवी ऑर्डर उघडून दाखवायला सांगा. रकाने भरलेले असतील तर ते बदलायची मुभा फेलोला आहे का, आणि सोडियम १३० लिहिलं तर रात्री फोन कोणाला जातो, हे विचारा. विचारायचं मात्र शेवटच्या वर्षाच्या फेलोला, आणि विभागप्रमुख खोलीत नसताना.