गटाची पहिली एल: इंग्लिश बिटर की अमेरिकन पेल एल?

चार-पाच घरांनी मिळून एकच कृती ठरवायची, प्रत्येकाने ती आपापल्या स्वयंपाकघरात करायची आणि बाटल्या तयार झाल्या की घेऊन एकत्र बसायचं. घरी बिअर करायला शिकण्याचा यापेक्षा चांगला मार्ग मला माहीत नाही. कृती एकच असल्यामुळे चवीत जो फरक पडतो तो हाताचा, पाण्याचा आणि खोलीच्या तापमानाचा असतो, आणि तो समोरासमोर चाखता येतो. अमेरिकेत असा गट जमवत असाल तर पहिला वाद ठरलेला: कुठली एल, म्हणजे साध्या खोलीच्या तापमानाला आंबवायची बिअर, करायची? नावं साधारण तीनच पुढे येतात. इंग्लिश बिटर, अमेरिकन पेल एल आणि हेझी आयपीए.

हेझी पहिल्या फेरीत नकोच. ग्रॅव्हिटी (आंबवायच्या द्रवात साखर किती याचं माप) १.०६० च्या पुढे, हॉप्सचा, म्हणजे कडवटपणा आणि सुगंध देणाऱ्या फुलांचा, खर्च भरमसाट, आणि बाटलीत भरताना थोडी जरी हवा शिरली तरी काही आठवड्यांत रंग काळवंडतो, सुगंध उडतो. केग (बिअर दाबाखाली ठेवायची धातूची टाकी) आणि हवा न लागू देता बिअर केगमध्ये नेण्याची सोय प्रत्येक घरी असेल तरच तिचा विचार करा. नाहीतर तुलना कृतीची न होता कोणाकडे किती सामान आहे याची होते.

खरी निवड उरलेल्या दोघींत आहे.

अमेरिकन पेल एल हॉप्सवर उभी असते. कॅस्केड हा हॉप १९७२ साली ओरेगॉनमधून बाजारात आला आणि १९८० साली कॅलिफोर्नियातल्या चिको गावी सिएरा नेवाडाने त्यावर आपली पेल एल बेतली. तो ग्रेपफ्रूटसारखा, पाइनसारखा वास आज या प्रकाराची ओळख झाला आहे. सोबतीला यूएस-०५ सारखं यीस्ट, जे स्वतःची चव फारशी पुढे करत नाही. म्हणून ही बिअर चुका पोटात घालते. एखाद्याच्या घरी आंबवण्याची खोली १९ अंशांवरून २२ वर गेली तरी कॅस्केडच्या वासापुढे ते सहसा कळत नाही. सुरुवातीची ग्रॅव्हिटी १.०४५ ते १.०६०, कडवटपणा ३० ते ५० आयबीयू, अल्कोहोल साडेचार ते सहा टक्क्यांच्या आसपास. अमेरिकन पाहुण्यांना ती ओळखीची वाटते, आणि ताजे अमेरिकन हॉप्स कुठल्याही होमब्रू दुकानात मिळतात.

बिटरमध्ये माल्ट, म्हणजे मोड आणून वाळवलेलं धान्य, आणि यीस्ट बोलतात. मॅरिस ऑटर माल्ट, थोडं क्रिस्टल (गोडसर चवीचं गडद माल्ट), ईस्ट केंट गोल्डिंग्ज किंवा फगल हॉप्स, आणि एस-०४ सारखं इंग्लिश यीस्ट, ज्यातून हलका फळांचा गंध येतो. तो किती येणार हे तापमानावर ठरतं. एकाच विरजणाचं दही दोन घरांत वेगळं लागतं, तसंच इथे होतं. बेस्ट बिटर म्हणतात ती १.०४० ते १.०४८ ची, २५ ते ४० आयबीयूची आणि चार टक्क्यांच्या आगेमागे. बिअरमध्ये फेसाचा गॅसही कमी लागतो. हा गॅस तयार व्हावा म्हणून बाटल्या भरताना १९ लिटरला पेल एलसाठी साधारण ११५ ते १२० ग्रॅम साखर घालाल, तर बिटरला ७० ग्रॅम पुरते. आणि फ्रिजच्या थंडीत ती मुकी होते. १०-१२ अंशांवर प्यायला द्या.

माझं मत स्पष्ट आहे. बार्बेक्यूला सगळ्यांच्या बाटल्या एकत्र मांडायच्या असतील तर पेल एल करा. पण एकमेकांकडून शिकायचं असेल तर बिटरच. ज्या गुणामुळे पेल एल चुका झाकते, त्याच गुणामुळे ती काही शिकवत नाही. शिवाय पाच घरांच्या पाच बिअर एका संध्याकाळी नीट चाखायच्या असतील, तर चार टक्क्यांची बिअर शेवटच्या ग्लासापर्यंत जीभ आणि डोकं जागेवर ठेवते.

प्रकार ठरला की कृती कशी लिहायची हा मुद्दा येतो, आणि बहुतेक गट इथेच फसतात. कृतीत किलो लिहू नका, टक्के लिहा. समजा पेल एल १९ लिटर करायची आहे, ग्रॅव्हिटी १.०५० हवी आहे. माल्टचे दाणे गरम पाण्यात भिजवतात (याला मॅश म्हणतात), त्यातून दाण्यातली साखर ७० टक्के निघत असेल तर सुमारे साडेचार किलो दाणे लागतात. पण एकाच्या भांड्यात ६० टक्केच निघते, दुसऱ्याच्या ७५. तेच साडेचार किलो घेऊन पहिला १.०४३ ला पोचेल आणि दुसरा १.०५३ ला. अल्कोहोलमध्ये जवळजवळ एक टक्क्याचा फरक, म्हणजे दोन वेगळ्या बिअर. पहिल्याने सव्वापाच किलो आणि दुसऱ्याने सव्वाचार किलो घेतले असते तर दोघे एकाच जागी आले असते. त्यामुळे कागदावर एवढंच लिहा: पेल माल्ट ९२ टक्के, क्रिस्टल ८ टक्के, ग्रॅव्हिटी अमुक. किलो ज्याचे त्याने काढावेत.

हॉप्सचंही तेच. कॅस्केडमधलं कडवटपणा देणारं अल्फा आम्ल पिकागणिक बदलतं, पाकिटावर ५ टक्के असेल किंवा ७. साठ मिनिटं उकळलेले तेच २८ ग्रॅम टिन्सेथ सूत्राप्रमाणे एकाकडे १७ आयबीयू देतील, दुसऱ्याकडे २४. कडवटपणासाठीचे हॉप्स आयबीयूमध्ये ठरवा. शेवटच्या पाच-दहा मिनिटांत सुगंधासाठी घालायचे ते मात्र ग्रॅममध्ये ठेवा, कारण तिथे अल्फाचा फारसा संबंध नसतो.

पाण्याबाबत पहिल्या फेरीत एकच नियम पुरे: क्लोरीन आणि क्लोरामाइन काढा. सॅन फ्रान्सिस्कोला ‘हेच हेची’ जलाशयाचं पाणी येतं, छान मृदू, पण त्यात क्लोरामाइन असतं आणि ते नुसत्या उकळण्याने सहज जात नाही. सल्फाइटची एक कॅम्डेन गोळी ७५ लिटरला पुरते. चुरा करून ढवळली की काम झालं. हे टाळलं तर बिअरला बँडेजसारखा औषधी वास येतो आणि सगळे उगाच यीस्टला दोष देत बसतात. जिप्सम, कॅल्शियम क्लोराइड वगैरे पुढच्या फेरीसाठी ठेवा.

कोणाकडे मोठं भांडं नसेल तर त्याला गटाबाहेर ठेवू नका. सुक्या माल्ट एक्स्ट्रॅक्टवर (मॅश न करता वापरायची माल्टची तयार पूड) १.०४० ची बिटर छान होते, साधारण दोन किलोत. ग्रॅव्हिटी तर दाणेवाल्यांपेक्षा अचूक येते. एवढंच, की मॅशचं तापमान बदलून अंग जड-हलकं करण्याची मुभा त्याला नाही.

आता बदलांविषयी. पहिल्या चाखणीनंतर प्रत्येकाला काहीतरी सुचतं. एकाला गोड वाटते, दुसऱ्याला पातळ, तिसऱ्याला हॉप्स दुप्पट हवे असतात. सगळं एकदम बदललं तर कशामुळे काय झालं ते कळत नाही. एका फेरीत एकच बदल करा, आणि निम्म्या घरांनी मूळ कृती तशीच ठेवावी. बिटर गोड वाटली तर क्रिस्टल कमी करण्याआधी मॅश ६७ ऐवजी ६५ अंशांवर करून बघा. यीस्टला जास्त साखर पचते आणि बिअर कोरडी होते. पातळ वाटली तर उलट दिशेने जा. फक्त शेवटची ग्रॅव्हिटी मोजलेली असू द्या, कारण कधी गोडवा कृतीत नसतो, आंबणंच अर्धवट थांबलेलं असतं.

बदल खरंच लागू पडला का, हे लेबलं झाकून तपासा. तीन ग्लास, दोन एकसारखे, एक वेगळा, वेगळा ओळखायचा. नुसत्या अंदाजाने तिघांत एकाचं उत्तर बरोबर येतंच. म्हणून सहा जणांत चार बरोबर आले तरी खूश होऊ नका. पाच जणांनी ओळखलं तरच फरक आहे असं धरा.

कायद्याचं थोडक्यात: अमेरिकेत १९७८ च्या कायद्याने एका प्रौढाला वर्षाला १०० गॅलन आणि दोन किंवा जास्त प्रौढ असलेल्या घराला २०० गॅलन बिअर करता येते, विकता मात्र येत नाही. महाराष्ट्रात परवान्याशिवाय घरी बिअर करणं हा गुन्हा आहे, तेव्हा सुटीत गावी जाताना यीस्टची पाकिटं इथेच राहू द्या.

आणि गटात मतं अगदी निम्मी-निम्मी फुटली तर? ग्रॅव्हिटी १.०४५ ते १.०४८ मध्ये ठेवा. दोन्ही प्रकार तिथे एकमेकांना भेटतात. ३० ते ३५ आयबीयूचा एकच वर्ट (आंबवण्याआधीचा गोड द्रव) करा, थंड झाल्यावर दोन फर्मेंटरमध्ये वाटा. एकात एस-०४, दुसऱ्यात यूएस-०५, आणि आंबणं संपत आलं की या दुसऱ्यात ३० ग्रॅम कॅस्केड कोरडेच टाका. बाटल्या भरताना दोन्हींच्या साखरेचं माप वेगळं घ्यायचं, एवढं लक्षात असू द्या.