डिप्लोमा की अकरावी सायन्स? दोन्हीकडून इंजिनिअरच होतो, पण...

भाच्याचा दहावीचा निकाल लागल्यापासून ताईचा रोज फोन, डिप्लोमाला टाकू की अकरावी सायन्सला? मी स्वतः मेकॅनिकलचा डिप्लोमा करून मग डायरेक्ट सेकंड इयरला (म्हणजे इंजिनिअरिंग डिग्रीच्या थेट दुसऱ्या वर्षाला) गेलोय, त्यामुळे माझं पारडं थोडं तिकडे झुकणार, हे आधीच सांगून टाकतो.

"डिप्लोमात वर्ष वाया जातं" हे आधी डोक्यातून काढा. डिप्लोमा ३ आणि डिग्री ३, किंवा अकरावी-बारावी २ आणि डिग्री ४, दोन्हीकडे ६च होतात (मधे वायडी, म्हणजे नापास होऊन वर्ष गेलं नाही तर).

खरा फरक हाताला काय लागतं यात आहे. आम्हाला पहिल्याच वर्षी वर्कशॉपमध्ये एमएसचा (साध्या पोलादाचा) तुकडा हॅकसॉने कापून फाईलने घासत बसवायचे, सर ट्राय स्क्वेअर (काटकोन तपासायचा गुण्या) लावून उजेडात धरायचे, फट दिसली की परत घासा, तेव्हा मनातल्या मनात भरपूर शिव्या घातल्या पण पुढे कंपनीत टॉलरन्स (मापात किती फरक चालतो) म्हणजे काय हे मला कुणाला विचारावं लागलं नाही. शिवाय अभ्यासक्रमातच इंडस्ट्रियल ट्रेनिंग असतं. याउलट अकरावी-बारावीची दोन वर्षं बऱ्याच पोरांची क्लासमध्येच जातात, क्लासशी टायअप असलेल्या कॉलेजात प्रॅक्टिकल म्हणजे परीक्षेआधी चार दिवसांत उरकायचं काम. इंजिनिअरिंगच्या ॲडमिशनची सीईटी २०० मार्कांची, त्यातले १०० एकट्या मॅथ्सचे, मग बाकी कशाला कोण बघतंय.

पण हेच मॅथ्स पुढे डिप्लोमावाल्याला रडवतं, हे आमचे लोक सांगत नाहीत. सेकंड इयरला बसलो तर शेजारचे एम-वन, एम-टू (डिग्रीच्या पहिल्या वर्षाचे मॅथ्सचे पेपर) करून आलेले आणि मी लाप्लास ट्रान्सफॉर्म बघून गार! एम-थ्री पहिल्या झटक्यात राहिला, केटी घेऊन (राहिलेला पेपर नंतर परत देऊन) सुटलो. मशीन का हलतं हे मला माहीत होतं, समीकरणात ते लिहायला जमत नव्हतं. ज्याला पुढे गेट परीक्षा देऊन एमटेक किंवा पीएसयूत (सरकारी कंपनीत) नोकरी करायचीय, किंवा डिझाईन-रिसर्चकडे जायचंय, त्याला बारावीचा पाया बरा पडतो.

आणि डिप्लोमा केला म्हणजे हात आपोआप चालतो असंही नाही हं. प्रॅक्टिकलचं मॅन्युअल (वही) वर्षाच्या शेवटी एका रात्रीत मित्राचं बघून भरणारे आमच्याकडेही ढिगाने होते. म्हणून ॲडमिशनआधी कॉलेजला जाऊन वर्कशॉप बघा, लेथ मशीन चालू आहेत की त्यांच्यावर धूळ आहे ते दोन मिनिटांत कळतं.

घरची परिस्थिती बेताची असेल तर मात्र मी डोळे झाकून डिप्लोमा म्हणेन, कारण ३ वर्षांनी थांबायची वेळ आली तरी हातात काहीतरी असतं, अप्रेंटिसशिप मिळते, रेल्वेच्या ज्युनिअर इंजिनिअर भरतीला डिप्लोमा चालतो. नुसत्या बारावी पीसीएमवर (फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्स) तेवढं होत नाही. डायरेक्ट सेकंड इयरला सीईटी पण नसते, डिप्लोमाच्या टक्क्यांवर नंबर लागतो.

पण पंधराव्या वर्षी ब्रँच ठरवायची हे जरा अतीच वाटतं. अकरावी घेतली तर फार्मसी, आर्किटेक्चर, बीएस्सी, एनडीए सगळं उघडं राहतं. म्हणजे पोरगा अजून "बघू" म्हणत असेल तर अकरावी. घरातला पंखा, मिक्सर खोलून बसणारा असेल आणि मेकॅनिकल, इलेक्ट्रिकल, सिव्हिल यातलं काही डोक्यात असेल तर डिप्लोमा. कॉम्प्युटरला मला फार फरक दिसत नाही, लॅपटॉप घरीच असतो, कोडिंग शिकायचं तो कुठेही शिकतो.

ताईला सांगितलंय, दोन्ही फॉर्म भरून ठेव, प्रोसेस वेगवेगळ्या आहेत, नंबर कुठे लागतोय ते तरी कळू दे. फक्त ओरिजिनल दाखला कॉलेजात जमा करायची घाई करू नकोस, तो एकदा आत गेला की परत काढायला चपला झिजतात.