आईची पुस्तकं आणि गिरगावातला बाइंडर

माझ्याकडे आईची आठ पुस्तकं होती, आठही अण्णाभाऊ साठ्यांची. आई प्रौढ साक्षरता वर्गात वाचायला शिकली आणि पहिली अख्खी कादंबरी वाचली ती ‘फकिरा’. त्यानंतर दादरच्या फुटपाथवर अण्णाभाऊंचं पुस्तक दिसलं की ती घासाघीस न करता घ्यायची. एरवी कोथिंबिरीच्या जुडीलाही भाव करणारी बाई. दोन वर्षांपूर्वी ती गेली. गेल्या पावसाळ्यात आमच्या घाटकोपरच्या भटवाडीतल्या खोलीत माळ्यावर पाणी झिरपलं आणि पुस्तकांची पेटी ओली झाली. कसर आधीच लागलेली होती. बांधणीच्या तारा गंजून पानांवर तपकिरी डाग पडले होते.

आधी माझ्याकडून एक चूक झाली. जवळच्याच एका झेरॉक्सच्या दुकानात ‘वारणेचा वाघ’ बाइंडिंगला दिलं. त्यांनी पुस्तक तिन्ही बाजूंनी मशीनवर कापलं, पाठीला गरम गोंद लावला आणि दहा मिनिटांत हातात दिलं. दिसायला कोरंकरकरीत. घरी येऊन उघडलं तर समासात आईने पेन्सिलने लिहिलेले शब्द अर्धे उडालेले. ती अडलेल्या शब्दांचे अर्थ मला विचारून समासात लिहायची. आता तिथे नुसती अक्षरांची शेपटं राहिली आहेत. दोन महिन्यांत पानंही सुटली. त्या रात्री मला झोप लागली नाही.

मग शाळेतल्या एका सहकाऱ्याने गिरगावातल्या या बाइंडरकाकांचं नाव सांगितलं. मी रात्रशाळेत मराठी शिकवते, त्यामुळे दिवसा वेळ असतो. जुन्या चाळीच्या तळमजल्यावर एक गाळा आहे, दोन माणसं उभी राहिली की भरतो. एका भिंतीला पुस्तकं दाबायचा लोखंडी शिकंजा, खाली पुठ्ठ्यांचे ताव, कोपऱ्यात खळीचं पातेलं. खळ ते स्वतः शिजवतात, मैद्याची, आणि तिच्यात चिमूटभर मोरचूद घालतात. त्याने कसर लागत नाही. गाळ्यात शिरताच त्या खळीचा वास येतो.

काकांनी पुस्तकं हातात घेतली आणि दर सांगायच्या आधी एकेक उघडून पाहिलं. समासातली पेन्सिल पाहून विचारलं, “हे कोणाचं अक्षर?” मी सांगितलं. ते म्हणाले, “मग याला कटिंग नाही करायचं, ताई. कडा वेड्यावाकड्या राहतील, चालेल ना?” मी तिथेच ठरवलं की पुस्तकं यांच्याकडेच ठेवायची.

काम कसं केलं ते सांगते, कारण पैसे कशाचे दिले ते कळायला हवं. गंजलेल्या तारा त्यांनी पक्कडीने ओढल्या नाहीत. आधी मागची टोकं उचलून सरळ केली आणि मग हलकेच काढल्या, म्हणजे भोकं मोठी होत नाहीत. फर्मे, म्हणजे एकत्र घडी घातलेल्या पानांचे गठ्ठे, सुटे केले. घडीवर फाटलेल्या पानांना पातळ कागदाची पट्टी लावून पुन्हा जोड्या केल्या. मग सुई-दोऱ्याने जुजबंदी शिलाई, म्हणजे घडीतून टाके घेत फर्मे एकमेकांना शिवणं, पाठीवर मलमलची पट्टी, वर पुठ्ठा आणि कापड. पाठ शिवताना मी अर्धा तास शेजारी स्टुलावर बसले होते. प्रत्येक टाका ओढून झाला की ते अंगठ्याने फर्म्याची घडी दाबत, वरपासून खालपर्यंत, एकदाच. त्यांच्या अंगठ्याला तिथे घट्टा पडला आहे.

बारीक पुस्तकं एकत्र बांधायची ठरली तेव्हा त्यांनी विचारलं, “क्रम काय लावू? पानांचे नंबर मी बघतो, पुस्तकांचा क्रम तुम्ही सांगायचा.” मी उत्तर द्यायला गेले आणि अडकले. सगळी पुस्तकं घरी परत आणली, जमिनीवर मांडली आणि दोन रात्री त्यात घालवल्या.

छपाईच्या सालाने लावावीत तर माझ्याकडच्या प्रती नंतरच्या आवृत्त्यांच्या. शेवटी अण्णाभाऊंच्या आयुष्याच्या क्रमाने लावली. ते आयुष्य सुरू झालं १ ऑगस्ट १९२० रोजी वाटेगावात. त्याच दिवशी इकडे मुंबईत, क्रॉफर्ड मार्केटसमोरच्या सरदारगृहात लोकमान्य टिळक गेले. गांधीजींची असहकाराची चळवळही त्याच तारखेची. ज्या मांग समाजात हे मूल जन्मलं त्याच्यावर इंग्रजांनी गुन्हेगार जमातीचा शिक्का मारलेला. शाळा दीड दिवसाची. १९३० च्या दशकाच्या सुरुवातीला हा पोरगा आईवडिलांबरोबर वाटेगावाहून पायी मुंबईला निघाला. मंदीचा काळ होता, आणि १९३४ साली तर गिरण्यांचा मोठा संप झाला. गिरणीत काम, कम्युनिस्ट पक्षाचं काम, माटुंग्याचा लेबर कॅम्प, म्हणजे कामगारांची वस्ती. तिथल्या डासांवर त्यांनी पोवाडा केला, आणि १९३९ मध्ये स्पेनच्या यादवी युद्धावरही.

हे मी वर्गात सांगते तेव्हा मुलं थबकतात. दिवसभर कुरिअरच्या पिशव्या वाहून आलेली मुलं असतात. लेबर कॅम्पातल्या खोलीत राहणाऱ्या, शाळेत दीड दिवस गेलेल्या तरुणाला माद्रिदची काळजी का वाटावी? मी त्यांना म्हणते, ज्याला उपाशी राहणं माहीत आहे त्याला बॉम्बखाली राहणंही कळतं. १९४३ साली स्टालिनग्राडमध्ये जर्मन फौजेने शरणागती पत्करली आणि अण्णाभाऊंचा ‘स्टालिनग्राडचा पोवाडा’ कामगार वस्त्यांमधून गाजला. त्याच वर्षी बंगालात दुष्काळाने लाखो माणसं मेली, त्यावर ‘बंगालची हाक’. पुढच्या वर्षी शाहीर अमर शेख आणि गवाणकरांबरोबर लाल बावटा कलापथक उभं राहिलं. म्हणून पहिल्या खंडात सर्वांत आधी शाहिरी रचनांची पुस्तिका ठेवली.

त्या पुस्तिकेत ‘स्टालिनग्राड’ या शब्दाशेजारी आईचं अक्षर आहे: “कुठे? रशियात. नकाशात नाही.” मी तेव्हा सातवीत होते. तिने विचारलं म्हणून माझ्या शाळेच्या नकाशाच्या वहीत आम्ही दोघी बोट फिरवत बसलो होतो आणि ते शहर आम्हाला सापडलंच नाही. बाईंनी दुसऱ्या दिवशी सांगितलं की आता त्याला व्होल्गोग्राड म्हणतात. त्याखाली आईने नंतर वेगळ्या पेन्सिलने ते नाव लिहिलं आहे, ‘व्हो’ खोडून पुन्हा ‘व्हो’. काकांनी त्या पानाची फाटलेली कड सांधली आहे, पण पट्टी अशी कापली आहे की एकाही अक्षरावर ती आलेली नाही.

त्यानंतर कथांची दोन पुस्तकं. ‘स्मशानातलं सोनं’ मी दरवर्षी शिकवते. मुंबईच्या उपनगरातली खाण बंद पडते आणि भीमा मढी उकरून सोनं शोधू लागतो. शेवटी प्रेताच्या दातांत त्याची बोटं अडकतात, बोटं जातात, आणि तेव्हाच खाण सुरू झाल्याची बातमी येते. जगात मंदी, युद्ध, दुष्काळ असं आपण मोठमोठ्या शब्दांत शिकतो. इथे ते एका माणसाच्या दोन बोटांवर येऊन थांबतं. लोक अण्णाभाऊंना लोकशाहीर म्हणतात ते योग्यच आहे, पण त्यांचं गद्य त्या शब्दामागे झाकलं जातं याचं मला फार वाईट वाटतं. पस्तीसच्या आसपास कादंबऱ्या लिहिणारा माणूस आहे हा.

दुसऱ्या खंडात ‘वैजयंता’, ‘माकडीचा माळ’ आणि शेवटी ‘माझा रशियाचा प्रवास’. ‘फकिरा’ १९५९ ची, बाबासाहेबांच्या लेखणीला अर्पण केलेली, १९६१ मध्ये तिला राज्य शासनाचं पारितोषिक मिळालं. त्याच वर्षी एप्रिलमध्ये युरी गागारिन अंतराळात जाऊन आला आणि त्याच वर्षी घाटकोपरच्या चिराग नगरातल्या झोपडीतून अण्णाभाऊ रशियाला गेले. ज्या शहराचा पोवाडा त्यांनी गायला होता, त्याचं नाव त्याच नोव्हेंबरात बदललं. चिराग नगर माझ्या घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर आहे. आई मला तिकडून नेताना सांगायची, “इथं बसून त्यांनी लिहिलं,” आणि पाय जरा हळू टाकायची. १८ जुलै १९६९ रोजी ते गोरेगावात गेले. चंद्राच्या वाटेवर तेव्हा तीन माणसं होती, दोन दिवसांनी त्यांतली दोघं तिथे उतरली. वय एकोणपन्नासही पूर्ण नव्हतं. काकांना हे सांगितलं तेव्हा त्यांनी सुई थांबवली आणि म्हणाले, “म्हणजे माझ्यापेक्षा वीस वर्षांनी लहान.”

आता कामातल्या उणिवा. आठ दिवस सांगितले होते, एकोणीस लागले. फोन उचलत नाहीत, म्हणून मला दोन खेपा फुकट पडल्या. पाठीवरच्या सोनेरी अक्षरांत आधी ‘अन्नाभाऊ’ छापून आलं. मी दाखवलं तेव्हा त्यांना खरंच लागलं. पैसे न घेता कापड बदलून नवीन पट्टी लावली, पण त्यात आणखी तीन दिवस गेले. नाव ते स्वतः छापत नाहीत, बाहेरून करून आणतात. तेव्हा कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून द्या. दुसरा खंड जाड झाला आहे आणि मधल्या पानांशी सपाट उघडत नाही. तीन पुस्तकं एकत्र घालायचा हट्ट माझाच होता. त्यांनी दोनच घाला असं सुचवलं होतं, ते ऐकायला हवं होतं. शिवाय गाळ्यात उजेड कमी आहे, कापडाचा रंग बाहेर रस्त्यावर नेऊन बघा. मी निवडलेला लाल रंग घरी आल्यावर विटकरी निघाला.

पैसे: दोन खंडांचे मिळून अकराशे. झेरॉक्सवाल्याने एका पुस्तकाचे ऐंशी घेतले होते. अकराशे जास्त वाटतील त्यांनी अर्धा तास त्या स्टुलावर बसून यावं. ‘वारणेचा वाघ’ची सुटलेली पानंही काकांनी शिवून दिली, त्याचे वेगळे दीडशे. गरम गोंद सुरीने खरवडायला त्यांना अख्खी दुपार लागली. कापलेला समास परत येणार नाही हे त्यांनी आधीच स्पष्ट सांगितलं. तरी प्रत्येक पानाला त्यांनी बाहेरून कोऱ्या कागदाची बोटभर पट्टी जोडली आहे. मी विचारलं कशाला, तर म्हणाले, “अर्धे शब्द आहेत ना, तुम्हाला आठवतील तसे पुढे लिहा.” आतापर्यंत मला अकरा आठवले आहेत.

‘फकिरा’ मात्र त्यांनी बांधलं नाही. पाठ सैल झाली होती, दोन पानं निसटत होती. त्यांनी ती चिकटवली, पाठीला खळीचा एक हात दिला आणि पुस्तक तसंच परत दिलं. “हे अजून वाचण्यातलं आहे. पुठ्ठा घातला की कपाटात जाईल. दहा वर्षं वापरा, मग आणा.” त्याचे पैसे घेतले नाहीत. ते पुस्तक सध्या माझ्या पिशवीत असतं. नववीतल्या एका मुलाला सोमवारपासून द्यायचं आहे. त्याला काकांचं एवढंच सांगणार आहे की पान दुमडायचं नाही आणि थुंकी लावून उलटायचं नाही.

जायचं असेल तर चर्नी रोड स्टेशनवरून दहा मिनिटं चालत. सकाळी अकरानंतर, रविवारी बंद. रोख पैसे न्या. जूनच्या सुरुवातीला शाळा-कॉलेजच्या रजिस्टरांचं काम असतं, तेव्हा जाऊ नका. आणि पुस्तकांचा क्रम घरूनच लावून न्या, ते विचारतातच.