कोकणातल्या चढाला एएमटी की मॅन्युअल?

एएमटी म्हणजे क्लचचं पेडल नसलेली, गिअर आपोआप टाकणारी गाडी; मॅन्युअल म्हणजे क्लच-गिअर आपणच सांभाळायचे. दोन्ही वापरून झाल्या आहेत. आधी पाच वर्षं एएमटी, आता चार वर्षं मॅन्युअल. राहतो चिपळुणात, घर गुहागर तालुक्यात, सासुरवाडी दापोलीकडे. म्हणजे घाट, खाडी आणि गावातल्या अरुंद, चढाच्या घाट्या हेच रोजचं.

एएमटीचे उपकार आधी सांगतो. गणपतीत मुंबईहून येताना माणगावच्या अलीकडे रांग लागली की तास-दीड तास डावा पाय मोकळा राहतो, हे सुख मॅन्युअलवाल्याला नाही कळायचं. घरात गुडघ्याचा त्रास असलेलं कोणी गाडी चालवत असेल, तर पुढचं न वाचता एएमटी घ्या. मायलेजमध्ये मला तरी फरक जाणवला नाही.

कुंभार्ली घाट चढतानाही एएमटी अडत नाही. फक्त ऐन वळणात कधी कधी गिअर वर टाकते आणि गाडीचा जीव जातो. अशा वेळी दांडा मॅन्युअल मोडवर घ्यायचा. उतरतानाही तेच, नाहीतर सगळा भार ब्रेकवर. पण घाटभर दांडा आपणच हलवायचा असेल, तर जास्तीचे पैसे कशाला मोजले, हा प्रश्न मला तेव्हाच पडला होता.

माझं मन फिरलं ते धोपाव्याच्या जेटीवर.

दाभोळ-धोपावे फेरीबोट मला जिवापाड आवडते. पंधराव्या शतकात अफनासी निकितिन हा रशियन प्रवासी याच दाभोळहून परतीच्या जहाजात बसला. त्या खाडीकाठी बोटीची वाट बघायला मला कधी कंटाळा येत नाही. त्या दिवशी ओहोटी होती, जेटीचा उतार लांबवर उघडा पडलेला, खाली शेवाळ. गाडी बोटीतून उलटी काढायची होती. मागे चढ, पुढे हातभर अंतरावर दुसऱ्याची गाडी. ब्रेकवरचा पाय काढून अॅक्सिलरेटर दाबला, तर क्षणभर काहीच नाही. गाडी पुढे सरकली. घाबरून जोरात दाबला, तशी हिसका देऊन मागे उसळली. खलाशी ओरडला, "ओ, हळू!" पुन्हा ब्रेक, पुन्हा तेच. वर पोचेपर्यंत क्लचप्लेट जळल्याचा वास आत आला होता.

दोष माझ्या हाताचाही असेल. पण एएमटी म्हणजे मॅन्युअलचाच गिअरबॉक्स आणि मॅन्युअलचाच क्लच, फक्त तो दाबायचं काम यंत्राकडे. अर्ध्या क्लचवर गाडी तोलून धरायची जी खूण आपल्या तळव्याला लागते, ती तिथे आपल्याकडे उरतच नाही. मॅन्युअलमध्ये हँडब्रेक ओढून ठेवायचा, क्लच हळूहळू सोडायचा, गाडी किंचित दबली की हँडब्रेक खाली. आमच्या जुन्या प्रीमिअर पद्मिनी गाडीचा गिअर स्टिअरिंगच्या दांड्याला होता, त्यावर वडिलांनी मला जांभ्याच्या घाटीत पहिलं हेच शिकवलं. आताच्या मॅन्युअल गाडीने त्याच जेटीवर ओहोटीला बोटीतून कितीदा तरी उलटा वर चढलो, पुन्हा तो वास आला नाही.

आपल्याकडे एएमटी पहिल्यांदा २०१४ साली मारुतीच्या सेलेरिओत आली. तेव्हापासून ती बरीच सुधारली आहे, हे मान्य. माझ्या एएमटीत हिल होल्ड, म्हणजे चढावर ब्रेक सोडल्यावरही गाडी धरून ठेवणारी सोय, नव्हतं, आता पुष्कळ गाड्यांत मिळतं. एएमटीच घ्यायची असेल तर त्याशिवाय घेऊ नका. पण ते गाडी दोनेक सेकंद धरतं, आणि दोन्हीकडे दगडी गडगा असलेल्या घाटीत समोरून एसटी आली, की दोन सेकंदांत काही उरकत नाही.

शहरातच जास्त फिरणं असेल तर तुमचा निर्णय वेगळा असू शकतो. गावाला घर असेल तर मी मॅन्युअलच म्हणेन. टेस्ट ड्राइव्हला शोरूमवाला हायवेला नेईल, तिकडे जाऊ नका. एखाद्या ओल्या घाटीत घ्या, चार माणसं बसवा, मध्यावर थांबवा आणि रिव्हर्समध्ये वीतभर वर चढवून बघा.