टाइम-लॅप्स इमेजिंगने सेन्सिटिव्हिटी : काही महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

रक्तातील जंतुसंसर्गाच्या रुग्णांचा सेन्सिटिव्हिटी रिपोर्ट (जंतूवर कोणते औषध चालेल, याचा अहवाल) लवकर मिळावा, म्हणून आमच्या रुग्णालयाच्या मायक्रोबायोलॉजी विभागात टाइम-लॅप्स इमेजिंगवर, म्हणजे जंतूंची ठरावीक अंतराने छायाचित्रे घेऊन, चालणारे यंत्र आणले, त्याला आता बरेच महिने झाले. या प्रकारची यंत्रे अमेरिका, दक्षिण कोरिया आणि स्वीडनमधील कंपन्या बनवतात. येथे मी एखाद्या कंपनीविषयी नव्हे, तर या पद्धतीविषयी लिहीत आहे.

नेहमीच्या पद्धतीत ब्लड कल्चरची (रुग्णाच्या रक्तातील जंतू वाढवण्याची) बाटली पॉझिटिव्ह आली की ग्रॅम स्टेन, म्हणजे जंतूंचा गट ओळखण्यासाठी त्यांना रंग देणे, होतो, नमुना प्लेटवर लावून रात्रभर वाढवला जातो आणि दुसऱ्या दिवशी मिळालेल्या कॉलनीपासून (जंतूंच्या ठिपक्यापासून) ठरावीक गढूळपणाचे (०.५ मॅकफारलँड) द्रावण करून पुढची चाचणी लागते. त्यामुळे अंतिम रिपोर्ट बहुधा तिसऱ्या दिवशी हाती येतो. नव्या यंत्रात पॉझिटिव्ह बाटलीतील नमुनाच थेट वापरला जातो आणि सहा-सात तासांत एमआयसी, म्हणजे जंतूची वाढ रोखणारे औषधाचे किमान प्रमाण, मिळते. एवढा वेळ वाचण्याचे कारण सोपे आहे. गढूळपणा मोजणाऱ्या यंत्राला द्रावण गढूळ होण्याइतके जंतू तयार होईपर्यंत थांबावे लागते, तर सूक्ष्मदर्शकावरील कॅमेऱ्याला एका पेशीच्या दोन झालेल्याही दिसतात. अनुकूल परिस्थितीत ई. कोलाय साधारण २० मिनिटांत दुप्पट होतो, म्हणून थोड्याच पिढ्यांत औषधाचा परिणाम कळू शकतो.

मला सर्वांत मोलाची वाटलेली गोष्ट मात्र वेगाची नाही. पिपरॅसिलीन किंवा सेफ्टाझिडीमसारखी औषधे ग्रॅम निगेटिव्ह गटातील (ई. कोलायसारख्या) जंतूंच्या पीबीपी-३ या, विभाजनासाठी लागणाऱ्या प्रथिनाला अडवतात, तेव्हा पेशीचे विभाजन थांबते, पण तिची लांबी वाढतच राहते आणि चित्रात लांबलचक तंतू दिसू लागतात. सॉफ्टवेअरने जंतूंनी व्यापलेले क्षेत्रफळ तेवढे मोजले, तर मरणाच्या वाटेवरचा जंतू वाढतो आहे असे वाटून तो औषधाला ‘रेझिस्टंट’ (दाद न देणारा) ठरेल. कोरियातील संशोधकांनी २०१४ मध्ये विभाजन, तंतू होणे आणि फुगणे असे आकारबदल वेगळे ओळखण्याची पद्धत प्रसिद्ध केली, ती याच अडचणीवर होती. आमच्या यंत्रात मूळ छायाचित्रे उघडून पाहता येतात. पिपरॅसिलीन-टॅझोबॅक्टमची एमआयसी ब्रेकपॉइंटच्या (संवेदनशील आणि रेझिस्टंट यांमधल्या सीमेच्या) आसपास आली, की ती छायाचित्रे पाहिल्याशिवाय मी रिपोर्टवर सही करत नाही. हे यंत्र घेणाऱ्या प्रत्येक प्रयोगशाळेने ही सोय आहे का, हे आधी विचारावे, असे मी आग्रहाने सांगेन.

औषधांची यादी हा या यंत्राचा सर्वांत कच्चा भाग आहे. आपल्याकडे सेफोपेराझोन-सल्बॅक्टम सर्रास दिले जाते; अमेरिकेत ते विकलेच जात नाही आणि आमच्या पॅनेलमध्येही (यंत्र तपासते त्या औषधांच्या संचातही) ते नाही. कोलिस्टिनसाठी सीएलएसआय आणि युकास्ट या चाचण्यांचे निकष ठरवणाऱ्या दोन्ही संस्था ब्रॉथ मायक्रोडायल्युशन (द्रवात औषधाची वेगवेगळी प्रमाणे करून तपासणे) हीच संदर्भपद्धत मानतात, त्यामुळे ती चाचणी आम्ही स्वतंत्रपणे करतो. एनडीएम (अनेक प्रतिजैविके तोडणारे एन्झाइम) असलेल्या क्लेबसिएला या जंतूवर सेफ्टाझिडीम-अविबॅक्टमसोबत अझ्ट्रिओनाम देतात, कारण एनडीएम अझ्ट्रिओनामला तोडू शकत नाही आणि त्याला तोडणाऱ्या इतर बहुतेक एन्झाइमना अविबॅक्टम रोखतो. या जोडीची चाचणीही यंत्रात होत नाही. म्हणजे ज्या रुग्णाला घाईची गरज सर्वाधिक, त्याच्याच रिपोर्टचा महत्त्वाचा भाग जुन्या वेगाने येतो, आणि याचे मला मनापासून वाईट वाटते.

बाटलीत दोन जंतू असतील तर निकालावर विसंबता येत नाही, म्हणून प्रत्येक नमुना प्लेटवर लावणे आम्ही सुरूच ठेवले आहे. किटचा खर्चही नेहमीच्या चाचणीच्या कार्डाच्या कित्येक पट आहे. त्यामुळे आयसीयू, नवजात शिशू कक्ष आणि कर्करोग विभागातील ग्रॅम निगेटिव्ह बाटल्यांनाच आम्ही प्राधान्य देतो.

वाचलेले तास रुग्णापर्यंत पोहोचवण्यासाठी आम्हाला ड्युट्या बदलाव्या लागल्या. सुरुवातीला रात्री पॉझिटिव्ह आलेली बाटली सकाळपर्यंत तशीच राहत असे, आणि मग दुपारी उशिरा आलेला निकाल वाचायला वॉर्डात वरिष्ठ डॉक्टर नसत. आता रात्रपाळीचा टेक्निशियन बाटली लगेच यंत्रात लावतो, आणि निकाल येताच मायक्रोबायोलॉजीचा रेसिडेंट वॉर्डच्या रेसिडेंटला फोन करून तो कळवतो. अमेरिकेतील रॅपिड्स-जीएन या चाचणीत ४४८ रुग्णांच्या अभ्यासात अशा यंत्रामुळे ग्रॅम निगेटिव्ह जंतूंवरील औषधांत बदल होण्याचा मध्यक काळ सुमारे ४२ तासांवरून १७ तासांवर आला, पण मृत्यूंच्या प्रमाणात लक्षणीय फरक दिसला नाही. आमच्याकडेही मला बदल दिसतो तो औषधांच्या तक्त्यावर : मेरोपेनेम हे राखीव ठेवण्याजोगे प्रबळ औषध सुरू केलेल्या ज्या रुग्णाचा ई. कोलाय सेफ्ट्रिअॅक्सोनला संवेदनशील निघतो, त्याचे मेरोपेनेम आता बहुधा दुसऱ्या दिवशीच्या राउंडला बंद होते. किटचा पुढचा करार करताना सेफोपेराझोन-सल्बॅक्टमचा पॅनेलमध्ये समावेश करावा, अशी लेखी मागणी आम्ही पुरवठादाराकडे केली आहे.