खोकं आलं, म्हणून फसवणूक नाही म्हणे!

आधी आकडा सांगून टाकतो, म्हणजे पुढचं वाचताना हसायचं की हळहळायचं ते तुमचं तुम्ही ठरवा. ७२,१४० रुपये. जुन्या जीपचे सुटे भाग जाहिरात बघून मागवले, त्यात गेले. टोकन २,५००, मग २८,७५०, बिल्टीचा, म्हणजे ट्रान्सपोर्टच्या पावतीचा, फोटो आल्यावर ३१,२५०, 'ट्रान्झिट इन्शुरन्स, रिफंडेबल' म्हणून ७,८००, आणि ट्रान्सपोर्टच्या गोडाऊनवर रोख मोजलेलं भाडं १,८४०. शेवटचे १,८४० सगळ्यात जास्त झोंबतात. भंगार घरी आणायचं भाडं मी माझ्या खिशातून भरलं.

गाडी मामांची. महिंद्रा एमएम ५४०, १९९६ची, २११२ सीसीचं ते प्यूजो डिझेल इंजिन. शेतावर शेडमध्ये आठ वर्षं उभी होती. मामा म्हणाले, "भंगारात देण्यापेक्षा तू ने." आणली. इंजिन ठणठणीत, पण पायाखालचा पत्रा इतका कुजलेला की क्लचच्या पेडलशेजारून खालचा रस्ता दिसायचा. ठरवलं की गॅरेजला टाकायची नाही, जमेल तेवढं स्वतः करायचं. सहा महिने रविवार घातले. ड्रिलला वायर ब्रश लावून गंज काढला, जुनी लांबी (खड्डे बुजवायची पुट्टी) खरवडली, स्प्रिंगच्या पाट्यांचे बुश बदलले, उघड्या पत्र्यावर रेड ऑक्साइडचा प्रायमर मारला. हे मुद्दाम लिहितोय, कारण नंतर लोकांनी "तुला गाड्यांतलं काही कळत नाही, म्हणून फसलास" असं ऐकवलं. कळत होतं. तरीही फसलो.

घाई मात्र होती, ते कबूल. मे संपत आला होता. नुसता प्रायमर पाणी धरतो, वर रंग चढला नाही तर पावसाळ्यात खालून परत गंज धरणार आणि सहा महिन्यांची मेहनत मातीत. नेमकी तेव्हाच ती जाहिरात दिसली: फ्लोअरचे पत्रे, पुढचे दोन मडगार्ड, बॉनेट, पुढच्या चाकांचं डिस्क ब्रेक किट आणि टू-पॅक पीयू रंगाचा (रंग वेगळा, तो कडक करणारा हार्डनर वेगळा) पूर्ण सेट, सगळं मिळून ६२,५००. आमच्या पत्रेवाल्या मिस्त्रीला भाव विचारला तर तो म्हणाला, पंचाहत्तर-ऐंशी तरी जातील. म्हणजे फुकटात वाटावं इतकं स्वस्त नव्हतं. यांचं हेच कसब. निम्म्या भावात दिलं असतं तर मीच पळून गेलो असतो.

मिस्त्री आणखी एक वाक्य बोलला होता. "दादा, पत्रा फोटोत नसतो घ्यायचा, हाताने वाजवून घ्यायचा." मी हसलो होतो.

पुढचं तुम्हाला पाठ असेलच. विकणाऱ्याचा व्हिडिओ कॉल, मागे रचलेले मडगार्ड, त्यावर माझ्या नावाची चिठ्ठी चिकटवलेली, "भाईसाब, आप का माल अलग निकाल दिया, टेन्शन मत लो." गाडीचं आरसी बुक आणि आधार मागितलं, 'बिल बनाना है' म्हणून. दिलं. होय, आधारसुद्धा दिलं. सुट्या भागांच्या बिलाला आधार लागत नाही, हे आज मी कुणालाही झोपेत सांगेन.

एका बाबतीत मात्र मी शहाणा निघालो. त्याने 'मिलिटरी ग्रीन' रंगाचा आग्रह धरला होता, सोबत 'परमिशन लेटर' देतो म्हणाला. केंद्रीय मोटार वाहन नियमांतला १२१वा नियम मला माहीत आहे, ऑलिव्ह ग्रीन फक्त संरक्षण खात्याच्या गाड्यांना. असं परवानगीपत्र कुठलाही दुकानदार देऊ शकत नाही. मी म्हटलं नको, वाळूचा रंग दे. तोही आरसीवर नोंदवावा लागतोच, पण तो रीतसर नोंदवता येतो. एवढी फेकाफेक पकडूनही त्याच माणसाला मी पुढे पैसे पाठवले! उलट त्याला पकडला म्हणून छाती फुगली, आणि फुगलेल्या छातीच्या माणसाला पुढचं काही दिसत नाही.

आता बिलाचं. हे लिहायची लाज वाटते, पण लिहिण्याचं कारणच ते आहे.

मी अकाउंट्समध्ये आहे. चौदा वर्षं. दिवसभर दुसऱ्यांची बिलं तपासतो. त्याने बिलाचा पीडीएफ पाठवला, तो मी जेवणाच्या सुट्टीत, डबा उघडा ठेवून, मोबाइलवर वाचला. वर पत्ता लुधियानाचा. जीएसटी नंबरचे पहिले दोन आकडे ०८. पंजाबचा कोड ०३, ०८ म्हणजे राजस्थान. खाली कराचे दोन रकाने, सीजीएसटी आणि एसजीएसटी, रक्कम निम्मी निम्मी. माल पंजाबातून महाराष्ट्रात येणार, म्हणजे आयजीएसटी, दोन राज्यांमधल्या विक्रीचा कर, लागायला हवा, तिथे एसजीएसटीचा संबंध काय? ऑफिसात नवीन लागलेल्या पोराने असं बिल पुढे सरकवलं असतं तर मी त्याला सगळ्यांसमोर झापला असता. ती चूक मला दिसली. दिसली नाही असं म्हणायची सोय नाही, कारण मी फोन लावून विचारलं. तो म्हणाला, "भाईसाब, हेड ऑफिस जयपूर में है, लडके ने गलत सॉफ्टवेअर में बना दिया, दूसरा भेजता हूं." दुसरं बिल आलंच नाही, आणि मी ३१,२५० पाठवले. माल साठ हजारांच्या वरचा, म्हणजे ई-वे बिल, माल वाहून नेण्याचा सरकारी ऑनलाइन कागद, हवं. तेही मागितलं नाही. पैसे टाकताना यूपीआयवर फर्मचं नाव यायच्या जागी कुणा बाईचं नाव आलं. मनात म्हटलं, बायकोच्या नावावर धंदा असेल, आपल्याकडेही असतातच की.

माझ्या बाजूने एवढंच म्हणतो की डोळ्यांसमोर गाडी उभी असली की माणूस कारकून राहत नाही. प्रायमर मारलेली ती लालसर जीप रोज सकाळी पार्किंगमध्ये दिसायची आणि आभाळ भरून यायचं.

अकराव्या दिवशी ट्रान्सपोर्टच्या गोडाऊनमधून फोन. बिल्टीवर वजन ६४ किलो. हमालाने खोकं एका खांद्यावर टाकलं आणि शिट्टी वाजवत टेम्पोपर्यंत नेलं. "साहेब, थर्माकोल आहे का?" मला घाम फुटला, तरी पोचपावतीवर सही केली, कारण मागे रांग होती आणि गोडाऊनवाला "सही करा, सही करा" करत होता. तुम्ही हे करू नका. आधी वजन करा, कमी भरलं तर पावतीवर स्वतःच्या हाताने 'वजन कमी' लिहा आणि मग सही करा. लिहू देत नसेल तर खोकं तिथेच सोडा. आणि उघडताना सुरुवातीपासून सलग व्हिडिओ घ्या. माझा व्हिडिओ खोकं अर्धं फाडल्यानंतर सुरू होतो. त्याची किंमत शून्य, हे मला पुढे तीन ठिकाणी सांगण्यात आलं.

आत एक मडगार्ड. एकच, तोही जुना, वरून चकचकीत काळा. घरातलं चुंबक लावलं, तर कडेला चिकटलं आणि मधल्या भागात सरळ घरंगळून खाली पडलं. नखाने टोकरलं तर लांबीचा पापुद्रा निघाला, जवळजवळ बोटाएवढा जाड, आणि त्याखाली पत्र्याची चाळण. डिस्क ब्रेकच्या कॅलिपरच्या नावाखाली दोन गंजके तुकडे, ते कुठल्या गाडीचे हे मिस्त्रीलाही ओळखता आलं नाही. फ्लोअरचे पत्रे नाहीत, बॉनेट नाही. पण रंगाचा चार लिटरचा डबा होता, छापील लेबलसकट.

फोन केला. त्याचा सूर अजिबात बदलला नाही. "बाकी माल दूसरे पार्सल में है, ११,२५० जीएसटी डिफरन्स डाल दो, कल निकल जाएगा." तेव्हा कुठे माझ्यातला अकाउंटंट जागा झाला. नाही पाठवले. त्याने शिवी दिली नाही, ब्लॉकही केलं नाही. आजही मेसेजवर दोन निळ्या टिका येतात.

आणि मग मी आणखी एक मूर्खपणा केला. रंग तरी खरा असेल म्हणून माझ्याच जुन्या बॉनेटवर मारला. हार्डनर टिनच्या बंद डब्यात यायला हवा, कारण त्याला हवेतली ओल चालत नाही. माझा आला होता प्लास्टिकच्या बाटलीत, खोकल्याच्या औषधासारखा. तरी प्रमाणात मिसळला, मास्क लावला, दोन हात मारले. दुसऱ्या दिवशी बोट चिकटत होतं. चौथ्या दिवशीही चिकटत होतं, आणि तोवर त्यात मच्छर, धूळ, शेजारच्यांच्या मांजराचे केस असं सगळं कायमचं वस्तीला आलं होतं. फडक्यावर थिनर घेऊन पुसलं, तर रंग सगळा फडक्यावर आला आणि खालचं रेड ऑक्साइडही सोबत घेऊन आला. टू-पॅक रंग एकदा नीट वाळला की थिनरच्या फडक्याला दाद देत नाही. रंगवलेला पार्ट विकत घेताय? कोपऱ्यात थिनरचं फडकं फिरवा. विकणारा नको म्हणाला तर तेच उत्तर समजा.

इथवर माझी चूक. इथून पुढे मात्र माझी चूक नाही.

सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, १९३०वर, फोन लावला. पहिला प्रश्न, पैसे कधी गेले? मी तारखा सांगितल्या. "फार उशीर झाला, साहेब." अरे, पण माल येणार म्हणून मी वाट बघत होतो ना! फसवणारा बिल्टी कशासाठी पाठवतो? हे अकरा दिवस काढायलाच. एवढ्यात पैसे चार खाती फिरून बाहेर पडतात. तक्रार क्रमांक मिळाला, बस्स.

बँकेत गेलो. काउंटरवरची मुलगी मान वर न करता म्हणाली, "तुम्ही स्वतः पिन टाकलाय." खात्यातून परस्पर पैसे गेले तर ग्राहकाची जबाबदारी किती, हे सांगणारं रिझर्व्ह बँकेचं २०१७चं परिपत्रक दाखवलं, तर तिने त्यातलाच शब्द माझ्यापुढे धरला: 'अनधिकृत' व्यवहार. माझा व्यवहार अधिकृत होता. मी अधिकृतपणे बुडालो होतो.

पोलीस ठाण्यात तीन फेऱ्या. पहिल्यांदा सायबरवाले जेवायला गेलेले. दुसऱ्यांदा बंदोबस्त. तिसऱ्यांदा एक हवालदार भेटले, शांतपणे सगळं ऐकलं आणि विचारलं, "खोकं आलं ना?" आलं. "मग फसवणूक कशी? माल खराब निघाला. दिवाणी विषय आहे, ग्राहक मंचात जा." मी फोटो दाखवले, चुंबकाचं सांगितलं, भारतीय न्याय संहितेचं फसवणुकीचं कलम ३१८ सांगितलं. ते म्हणाले, "कलम आम्हाला सांगू नका." गुन्हा नोंदवला नाही, अर्जावर शिक्का मारून दिला. तो शिक्काही तिरका, तारीख वाचता येत नाही.

ग्राहक हेल्पलाइन १९१५. तिथल्या बाई सौजन्याने बोलल्या, म्हणाल्या, "हा सायबर गुन्हा वाटतो, १९३०वर करा." मी फोन ठेवून खरोखर हसलो.

शेवटी ग्राहक आयोगाची वाट. पाच लाखांपर्यंत फी नाही आणि २०१९च्या कायद्याने आपल्याच जिल्ह्यात तक्रार करता येते, हे दोन्ही चांगलं. पण समोरच्याला नोटीस पोचायला हवी. बिलावरच्या लुधियानाच्या पत्त्यावर मी आधी वकिलाची नोटीस पाठवली. 'असा पत्ता नाही' शेरा मारून लखोटा परत आला. नोटिशीचे वकिलाचे १,५०० वेगळे, ते ७२,१४०मध्ये धरलेले नाहीत.

तेव्हा लक्षात आलं की या सगळ्या प्रकरणातली खरी अक्कल त्या खोक्यात होती. त्याने काहीच पाठवलं नसतं तर तो सरळसरळ चोर ठरला असता. एक कुजका मडगार्ड आणि रंगीत पाणी पाठवून तो 'वाईट दुकानदार' झाला, आणि वाईट दुकानदाराला पकडायला कुणीच उठत नाही. बिल्टी, वजन, माझी सही, सगळे कागद त्याच्या बाजूचे. म्हणून सांगतो, अशा व्यवहारात खोकं ओळखीचं वाटलं नाही तर घेऊच नका, परत पाठवा. घेतलंत की तुम्ही ग्राहक झालात.

आणि जीएसटी नंबर सरकारी पोर्टलवर टाकून बघा, फुकट आहे, अर्धा मिनिट लागतो. माझ्या बिलावरचा नंबर मी शेवटी टाकून पाहिला. नोंदणी रद्द झालेली होती. ऑफिसात, माझ्याच टेबलावर, माझ्याच कॉम्प्युटरवर.

गाडीला आता मिस्त्री पत्रा लावतोय, हाताने वाजवून घेतलेला. बॉनेट मी परत खरवडलं, दोन रविवार गेले. पाऊस सुरू झाला, जीपवर ताडपत्री आहे. खोकं बाल्कनीत आहे. "पुरावा आहे, जपून ठेवा," असं ठाण्यातून सांगितलंय. बायको दर रविवारी विचारते, हे कधी जाणार? मी सांगतो, पंचनाम्याला येतील. अजून कुणी आलेलं नाही.