नवतपा, कूलर आणि सव्वा लाखातलं घर : चौदा महिन्यांनंतर

गृहप्रवेशाच्या दिवशीचे फोटो बघून मैत्रिणी अजूनही विचारतात, "कुठून घेतलंस गं सगळं?" त्या फोटोंतल्या निम्म्या वस्तू आज घरात नाहीत, म्हणून हे लिहायला बसले.

नागपूरच्या बेसा भागात दोन खोल्या-हॉल-किचनचा फ्लॅट, हॉलची खिडकी पश्चिमेला. घराचा हप्ता सुरू झाल्यामुळे सामानासाठी १,२०,००० रुपये ठरवले होते, झाले १,३४,०००. पाडव्याला राहायला आलो, म्हणजे सामान येऊन दोन-अडीच महिने होत नाहीत तोच नवतपा. नागपूरबाहेरच्यांसाठी: मे संपता संपता सूर्य रोहिणीत जातो, ते नऊ दिवस. पारा पंचेचाळीसच्या पुढे गेला तरी इथे कुणी दचकत नाही, फक्त कूलरच्या टाकीत अजून दोन बादल्या पाणी पडतं. माझ्या फर्निचरला ऊन नाही, या पाण्याने मारलं.

चाळीसेक हजारांचं सामान मी एका मोठ्या ऑनलाइन दुकानातून मागवलं होतं. चप्पल-बुटांचं कपाट ३,२०० चं, मुलाचं अभ्यासाचं टेबल ४,५०० चं, बाकी सोफा वगैरे. खोके आले, स्क्रू पिळले, संध्याकाळी घर मासिकातल्यासारखं दिसायला लागलं. टेबल हॉलमध्ये कूलरच्या तोंडासमोर ठेवलं, मुलाला अभ्यास करताना गार लागावं म्हणून. आणि गारवा बाहेर जाऊ नये म्हणून खिडक्या गच्च बंद. जूनच्या पहिल्या आठवड्यात टेबलाच्या कडेची पट्टी सुटली आणि आतून पुठ्ठ्यासारखं काहीतरी डोकावायला लागलं. बुटांच्या कपाटाचं दार लागेना. मी आपली स्क्रू घट्ट करत बसले.

सासूबाई महाल भागातल्या वाड्यातून चार दिवस राहायला आल्या आणि दारातूनच म्हणाल्या, "खिडक्या बंद करून काय बसून राहिल्या तुम्ही? वाफ कुठून जाईन मग?" त्यांनी समोरच्या खोलीची खिडकी वीतभर उघडली आणि अर्ध्या तासात घरातला चिकचिकाट गेला. कूलर बाहेरची कोरडी हवा ओली करून आत ढकलतो. तिला बाहेर जायला वाट नसेल तर ती घरातच साचते आणि मग तो गारही करत नाही. एवढं साधं गणित, पण सोळा वर्षं पुण्यात काढल्यावर विसरायला होतं.

टेबल दुरुस्त होईल का म्हणून एका सुतारकाकांना बोलावलं. त्यांनी सुटलेल्या कडेत नख घातलं, चिमूटभर भुसा काढून माझ्या तळहातावर ठेवला. "हे भुशाचं हाय मॅडम. पानी लागलं का फुगते. याले मी काय करू?" पार्टिकल बोर्ड म्हणजे लाकडाचा चुरा आणि डिंक दाबून केलेली फळी, वर गुळगुळीत कागद. एकदा फुगली की वाळल्यावरही पूर्वीच्या मापाला येत नाही, आणि स्क्रूची पकड सुटते ती सुटतेच. मुंबई-पुण्यात एसीच्या खोलीत ती दहा वर्षं टिकत असेलही. आमच्याकडे एका हंगामात आटोपली.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी ते बुटांचं कपाट खाली नेऊन ठेवलं. टीव्हीवर इतवारीतली मारबतीची मिरवणूक चालू होती ('इडा-पीडा घेऊन जा' म्हणत पुतळे काढून जाळतात ती), मुलगा जिन्यातून ओरडत गेला, "फुगलेलं कपाट घेऊन जा गे मारबत!"

आता टिकलेल्या गोष्टी. सगळ्यात वरचा नंबर जुन्या सागवानी पलंगाचा. बदली होऊन चाललेल्या एका कुटुंबाकडून ११,००० ला घेतला, टेम्पोचे ९०० आणि पॉलिशचे ३,५०० वेगळे. म्हणजे १५,४०० ला भरीव सागवान. चंद्रपूर-गडचिरोलीच्या सागवानाचं कौतुक लहानपणापासून ऐकत होते, वापरल्यावर कळलं. एप्रिलच्या कोरड्या हवेत पाटीच्या सांध्यात केसाएवढी फट दिसते, पावसाळ्यात ती आपोआप मिटते. लाकूड श्वास घेतं म्हणतात ते हेच असावं. घेताना पलंग उलटा करून मात्र बघा. पायाच्या तळाशी मातीच्या बारीक रेघा असतील तर वाळवी आहे. असा एक पलंग आम्ही ४,००० ला मिळत असताना सोडला. त्यावरची गादीही नवी घेतली नाही. माहेरच्या दोन जुन्या गाद्यांचा कापूस पिंजून एक जाड गादी करून घेतली. महिन्यातून एकदा गच्चीवर वाळवायची, आणि उन्हाची इथे काय कमी!

कपड्यांचं कपाट त्याच सुतारकाकांकडून करून घेतलं, प्लाय लकडगंजातून. तिथे दुकानदार 'वॉटरप्रूफ आहे, वॉटरप्रूफ' म्हणत राहतो, तिकडे लक्ष देऊ नका. फळीवरचा आयएसआयचा शिक्का वाचा. ३०३ आकडा असेल तर खाली एमआर लिहिलंय की बीडब्ल्यूआर ते बघा: एमआर नुसत्या दमट हवेपुरता, बीडब्ल्यूआर त्याहून पाणी जास्त सोसतो. ७१० म्हणजे मरीन, पाणी सगळ्यात जास्त सोसणारा, तो सिंकखाली वापरावा, कपाटाला त्याची चैन नको. आम्ही बीडब्ल्यूआर घेतला आणि पैसे सनमायकात वाचवले: फिकट, एकरंगी, साधा. बाहेरून कपाट दवाखान्यासारखं दिसतं हे मान्य. पण दुसरा उन्हाळा अर्धा झाला, दार अजून एका बोटाने लागतं.

स्वयंपाकघरात ट्रॉल्यांचा सेट केलाच नाही. ओट्याखाली बिल्डरने कडप्प्याच्या फळ्या दिल्या होत्या, त्यांना पुढून नुसती दारं लावली. पाहुण्यांना हे गरिबीचं वाटतं. मला मात्र पाणी सांडल्यावर पळत जावं लागत नाही.

पडद्यांवर मी सगळ्यात जास्त डोकं लावलं आणि सगळ्यात मोठी चूकही तिथेच केली. गांधीबागेतून जाड कापड घेऊन अस्तरासकट शिवून घेतले, ६,४०० झाले. दिसतात सुंदर. पण पश्चिमेचं ऊन काचेतून आत आलं की मग पडदा त्याला कितीसा अडवणार, पडदाच तापतो आणि शेगडीसारखा खोलीत गरमी सोडत बसतो. ऊन काचेच्या बाहेरच अडवायला हवं. यंदा मार्चमध्ये एका बुरडाकडून मापाने बांबूची चिक करून घेतली, खिडकीबाहेर टांगली, १,८०० मध्ये. दुपारी काचेला हात लावला तर आता चटका बसत नाही. एक मात्र सांगते: पावसाळ्यात ती ओली गुंडाळू नका, काळे डाग पडतात म्हणून त्या बुरडाने आधीच बजावलंय. आणि बांबूतून पिवळी भुकटी पडायला लागली तर भुंगा लागलाय असं समजा.

भिंतीवर चिकटवायच्या फोमच्या विटा हा प्रकार कुणी घेणार असेल तर पश्चिमेच्या भिंतीवर नको. नवतप्यात रात्री तीनला एकेक वीट टपकन पडायची. पहिल्या रात्री चोर आला म्हणून आमचे हे लाटणं घेऊन हॉलमध्ये गेले होते.

पंखे बीएलडीसी, म्हणजे कमी वीज खाणाऱ्या मोटरचे घेतले, नगामागे दीडेक हजार जास्त पडले. साधा पंखा ७५ वॉट खातो, हा फुल स्पीडला ३० च्या आसपास. आमच्याकडे उन्हाळ्यात पंखा १४ तास फिरतो, म्हणजे एका पंख्यामागे महिन्याला साधारण १९ युनिट वाचतात. रिमोट हरवला की पंचाईत, बाकी तक्रार नाही.

सोफ्याचं काय? रेक्झिनचा घेतला, १८,५०० चा. डिसेंबरात हाताच्या टेकूवर भेग दिसली, आता सालं निघतात आणि पांढऱ्या कपड्यांना तपकिरी पापुद्रे चिकटतात. कंपनीला फोटो पाठवले तर उत्तर आलं की 'नैसर्गिक झीज' वॉरंटीत बसत नाही. नऊ महिन्यांत कसली नैसर्गिक झीज? सध्या वर सोलापुरी चादर टाकलीय, आणि खरं सांगू, चादरीसकट तो जास्त शोभतो. सांगाडा तपासला तर लाकडाचा आणि मजबूत निघाला, त्यामुळे दिवाळीनंतर नुसतं कापड बदलून घ्यायचा विचार आहे. एकाने ७,००० सांगितले, दुसऱ्याने ९,५००.

सजावटीचं म्हणून वेगळं काही आणलं नाही. सासऱ्यांचा तान्ह्या पोळ्याचा, म्हणजे लहान मुलांच्या पोळ्यात मिरवायचा लाकडी बैल वाड्यात माळ्यावर पडून होता, चाकं निखळलेली. सुतारकाकांनी चाकं बसवून दिली, पैसे घेतले नाहीत. तो आता कपाटावर असतो. भुशाच्या टेबलाचे लोखंडी पाय मात्र चांगले निघाले, म्हणून जपून ठेवलेत. त्यावर कडप्प्याची एक फळी मापाने कापून बसवता येईल का, हे बघायला काका रविवारी येणार आहेत. यंदा टेबल कूलरसमोर ठेवणार नाही, पण ठेवलं तरी चालेल असं हवंय.